कामगार कोणाचा?

१७ मार्च २०२२ रोजी ब्रिटनमध्ये ‘पी अँड ओ फेरीज’ने सुमारे ८०० खलाशांना व्हिडिओवरून कामावरून काढलं. युनियनशी आधी बोलणं कायद्याने बंधनकारक होतं. ते आम्ही ठरवून टाळलं, असं कंपनीप्रमुखाने खासदारांसमोर कबूल केलं. भरपाईचे पैसे दिले, विषय संपवला. कायदा मोडण्याची किंमत हिशेबात धरलेलीच होती.

या कंपनीची मालक दुबईची ‘डीपी वर्ल्ड’. तिचं टर्मिनल आपल्या उरणच्या न्हावा-शेवा बंदरातही आहे. मग इथे काय? आपल्याकडे १९५३ पासूनचा नियम असा, की वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. पण तो देणार कोण? बंदरात, गोदामांत बरीच कामं ठेकेदारामार्फत चालतात. ठेका बदलला की नवा ठेकेदार म्हणतो, ‘तुम्ही जुन्याचे’. कंपनी म्हणते, ‘तुम्ही आमचे नाहीच.’

म्हणजे तिथे हक्क विकत घेतला गेला. इथे तो मागायचा कोणाकडे, हेच धूसर. मालक कुठल्या देशाचा, हा प्रश्न नंतरचा. म्हणून हजेरी, पगारपावती, गेटपास जपून ठेवा. ‘मी इथे राबलो’ हे सिद्ध करायला तेच कामी येतं.