सही नाही, नकारही नाही!

नशिराबादहून सकाळची एसटी पकडून जळगाव आणि पुढे बांभोरीच्या वाटेवरचं विद्यापीठ गाठणाऱ्यांनो, एक प्रश्न. तुमच्या पदवी प्रमाणपत्रावर ज्यांची सही असते, त्या कुलगुरूंना नेमतं कोण? उत्तर सोपं आहे : राज्यपाल. तेच आपल्या विद्यापीठाचे कुलपती असतात.

डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने ही पद्धत बदलणारं विधेयक विधिमंडळात मंजूर करून घेतलं. शोध समितीच्या यादीतून सरकारने दोन नावं पाठवायची आणि राज्यपालांनी त्यातलं एक निवडायचं, असा तो बदल. यामुळे विद्यापीठांत राजकारण शिरेल, अशी विरोधकांची ओरड होती.

पण खरा पेच पुढेच होता. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं म्हणून विधेयकाचा कायदा होत नाही, त्यावर राज्यपालांची संमती लागते. म्हणजे ज्यांचे अधिकार कमी होणार, फाईल त्यांच्याच टेबलावर! तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांची सही काही झाली नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने विधेयकच मागे घेतलं.

राज्यघटनेचं कलम २०० राज्यपालांना काय काय करू देतं? संमती देणं, संमती रोखणं, फेरविचारासाठी विधेयक परत पाठवणं किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं. अर्थविधेयक मात्र परत पाठवता येत नाही. परत आलेलं विधेयक विधिमंडळाने पुन्हा मंजूर केलं, तर संमती नाकारता येत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचा व्हेटो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. आपल्याकडे साधं बहुमत पुरतं.

मग अडतं कुठे? विधेयक परत आलंच नाही, तर पुन्हा मंजूर काय करणार? काहीच न बोलता फाईल ठेवून देण्याला 'पॉकेट व्हेटो' म्हणतात. १९८६ च्या टपाल विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी नेमकं हेच केलं.

राष्ट्रपतींकडे गेलेल्या राज्याच्या विधेयकाचं तर आणखी अवघड. आपल्या मू.जे.त शिकलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ ज्या पदावर होत्या, तेच हे पद. विधिमंडळाने पुन्हा मंजूर केलं तरी राष्ट्रपतींवर संमतीचं बंधन नाही. महिलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा सांगणारं 'शक्ती' विधेयकही डिसेंबर २०२१ मध्येच मंजूर झालं. फौजदारी कायद्यातला बदल म्हणून ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि संमतीविना राहिलं. कितीतरी जणींना मात्र 'शक्ती कायदा' आला असंच वाटत होतं.

एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहीसाठी मुदत घालून दिली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं, की न्यायालय अशी मुदत ठरवू शकत नाही. मात्र कारण न देता फार काळ विधेयक रखडवलं, तर 'निर्णय घ्या' एवढं सांगू शकतं.

तेव्हा पुढच्या वेळी 'विधेयक मंजूर' अशी बातमी आली, की स्टेटस टाकण्याआधी एवढंच विचारा : सही झाली का?