खानदेशातील धर्मवैविध्य : शब्दांची साक्ष

भारत हा बहुसंख्य हिंदूंचा देश होय, हे विधान 2011 च्या जनगणनेच्या आधारे सहज करता येते. त्या गणनेत देशातील हिंदूंचे प्रमाण सुमारे 80 टक्के भरले. परंतु असे विधान एखाद्या लहान प्रदेशाला लावू पाहिले, की त्यातील 'हिंदू' या शब्दाची व्याप्ती किती सैल आहे, हे ध्यानात येते. खानदेश हा अशा परीक्षेस विशेष योग्य प्रदेश आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मध्ये तापीचे खोरे, अशा या पट्ट्यात गुजराती, माळवी, वऱ्हाडी आणि दख्खनी असे चारही बाजूंचे प्रवाह मिसळले आहेत. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने 1907 साली 'खानदेशी'ला मराठीच्या खंडात न घालता भिल्ल भाषांच्या खंडात बसविले, ते याच मिश्रणामुळे. त्या वर्गीकरणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि, भाषेच्या बाबतीत जी सीमारेषा आखणे कठीण गेले, ती धर्माच्या बाबतीत सोपी असेल असे मानण्यास काहीच आधार नाही.

या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा आज मध्य प्रदेशात असलेल्या, परंतु ऐतिहासिक खानदेशाची राजधानी असलेल्या बऱ्हाणपुरात सापडतो. फारुकी घराण्याने 1382 पासून 1601 मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत या प्रदेशावर राज्य केले. त्या घराण्यातील आदिलशहा, म्हणजेच राजा अली खान, याने बांधविलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. शके 1511, विक्रम संवत 1646, म्हणजे इसवी सन 1590 असा त्याचा काळ. लेखाचा आरंभ सृष्टिकर्त्याच्या वंदनाने होतो. पुढे फारुकी राजांची वंशावळ येते, आणि पंचांगातील तपशिलांसह मशिदीच्या उभारणीची वेळ नोंदविली जाते. मशिदीसाठी योजलेले 'मसीति' हे रूप बोलीतून उचलून संस्कृत विभक्तीत बसविलेले दिसते. बांधण्याचा हेतू सांगताना मात्र 'स्वधर्मपालन' हा शुद्ध शास्त्रीय शब्द वापरला आहे. येथे 'धर्म' हा शब्द इस्लामला लावलेला आहे, आणि तसे करताना लेखकाला काही अवघड वाटल्याचे दिसत नाही. आपापला धर्म प्रत्येकाने पाळावा, या परिचित चौकटीतच राजाचा धर्मही सामावला गेला. याला आधुनिक अर्थाने सहिष्णुता म्हणणे घाईचे होईल. राज्यकर्त्याला आपल्या बहुसंख्य प्रजेच्या विद्वद्भाषेतही वैधता हवी होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

खोऱ्यातून डोंगराकडे वळले की प्रश्न निराळा होतो. साक्री व नवापूर भागातील कोकणा आणि भिल्ल लोक मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचे व्रत करतात. व्रतस्थ पुरुष घर सोडून कडक नियमांनी राहतात, पावरीच्या सुरावर नाचतात आणि शेवटी डोंगरातील देवस्थानी जातात. या व्रतस्थांना 'माउल्या' म्हणतात. हाच शब्द वारकरी संप्रदायात ज्ञानदेवांसाठी व परस्परांच्या संबोधनासाठी रूढ आहे. त्यावरून डोंगऱ्यादेवाला भागवत धर्माची शाखा ठरविणे हे जितके चूक, तितकेच दोहोंत काही देवघेव झालीच नाही असे म्हणणेही चूक. शब्द प्रवास करतात. त्यांच्यामागून सिद्धान्त जातातच असे नाही. तिकडे सपाटीवर, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी अहिराणी घरांत कानबाई बसते. नारळाच्या रूपातील ही देवी पुराणांत शोधून सापडत नाही. तिचे रोट भाऊबंदांनी एकत्र येऊन करावयाचे असतात. ही पूजा हिंदूंची खरीच, परंतु तिचा आधार ग्रंथ नसून कुळ आहे.

1938 च्या सुमारास तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराजांनी भिल्लांत जी चळवळ उभी केली, तिचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञांनी अजून पुरेसा केलेला नाही. दारू सोडावी, स्वच्छ राहावे, सामुदायिक आरतीस जमावे, असा तिचा उपदेश होता. तिचे वैशिष्ट्य मात्र 'आप' या सर्वनामात आहे. अनुयायांनी एकमेकांस 'आप' म्हणावे, असा दंडक पडला आणि पंथही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. सावकार आणि अंमलदार ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकेरीत हाक मारीत आले, त्यांनी आदरार्थी सर्वनाम आपसात वाटून घेतले. धर्मसुधारणेचे एवढे नेमके व्याकरण क्वचितच आढळते. पुढे नवापूरच्या बाजूस मावची बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा प्रार्थनेची भाषा हा प्रश्न तेथेही उभा राहिलाच.

हे वैविध्य सदैव शांत होते असे चित्र रंगविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. धुळे शहरात 1895 साली गणपतीच्या मिरवणुकीवरून दंगल होऊन गोळीबार झाला. त्याची आठवण 'खुनी गणपती' या नावात आजही टिकून आहे. त्याच गणपतीची मिरवणूक मशिदीसमोर थांबते आणि तेथे मुसलमान रहिवासी तिच्यावर फुले उधळतात, ही प्रथाही त्याच शहराची. आणि 2008 व 2013 सालच्या दंगलीही त्याच शहराच्या.

अखेर विचार करावा लागतो तो तडवींचा. यावल, रावेर, चोपडे या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल मुसलमान आहेत. त्यांचे धर्मांतर औरंगजेबाच्या काळी झाले, अशी परंपरा ब्रिटिशकालीन गॅझेटियरने नोंदविली आहे. 'तडवी' हा मूळचा गावप्रमुखवाचक शब्द. भिल्ल प्रदेशात तो धर्मनिरपेक्षपणे वापरला जातो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत तो दोन ठिकाणी येतो : भिल्ल गटात 'तडवी भिल्ल' म्हणून आणि धानका गटात नुसता 'तडवी' म्हणून. पहिले नाव मुसलमान समाजाचे, दुसऱ्याखालील लोक सामान्यतः मुसलमान नाहीत. केवळ आडनाव पाहून धर्म ठरविणारा कारकून किंवा केवळ धर्म पाहून जमात नाकारणारा अधिकारी, दोघेही येथे चुकतील.

अनुसूचित जातींच्या बाबतीत 1950 च्या आदेशाने धर्माची अट घातली. ती 1956 मध्ये शिखांसाठी व 1990 मध्ये बौद्धांसाठी सैल झाली. जमातींच्या बाबतीत मात्र अशी अट कधीच नव्हती. धर्मांतरितांना जमातींच्या यादीतून वगळावे, ही मागणी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून अधूनमधून पुढे येत असते. ती करणाऱ्यांपुढे बहुधा अलीकडील ख्रिस्ती धर्मांतरे असतात. परंतु नियम झालाच, तर तो तडवींनाही लागू होईल. मग त्यांच्या मुलांची वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा एका अशा निर्णयावर अवलंबून राहतील, जो परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांनी तीन शतकांपूर्वी घेतला.

उलट बाजूस, 2011 च्या गणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात जमातींचे प्रमाण 69 टक्क्यांहून अधिक होते, आणि त्यांतील बहुतेकांची नोंद हिंदू अशीच झाली. याहा मोगी, वाघदेव, डोंगऱ्यादेव यांच्यासाठी स्वतंत्र रकाना नव्हता. प्रगणकाने विचारलेल्या प्रश्नाला मावची, वसावे किंवा पावरा बोलीत नेमके कोणते उत्तर मिळाले आणि ते मराठी पत्रकात उतरताना कोणता शब्द त्याच्या जागी आला, याची नोंद कोणत्याही कोष्टकात राहत नाही. ती क्षेत्रकार्यातूनच मिळवावी लागेल.