बॅटरी तीच, पल्ला वाढला!

भिवंडी तालुक्यातल्या अंबाडीत विजेची गाडी घेणारा आधी काय विचारील? "एकदा भारली की किती धावेल?"

पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या टाटांच्या 'नेक्सॉन ईव्ही'च्या मोठ्या बॅटरीत २०२२-२३ मध्ये ४०.५ युनिट वीज मावत असे. २०२२ मध्ये या गाडीचा जाहीर पल्ला ४३७ किलोमीटर होता. जानेवारी २०२३ मध्ये केवळ संगणकीय आज्ञावली सुधारून तो ४५३ झाला. सप्टेंबरच्या नव्या रूपात हलकी मोटर आली आणि तो ४६५ वर गेला. बॅटरी मात्र ४०.५ चीच!

तेव्हा नव्या दिव्यांना भुलू नका, भागाकार करा: युनिटला साडेअकरा किलोमीटर. अर्थात हा चाचणीतला आकडा. चढ, वेग आणि वातानुकूलन रस्त्यावर त्याला कात्री लावतात.

घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवरून तासाला फार तर ३ युनिट भरतात. रिकामी गाडी संध्याकाळी सातला लावली, तर सकाळी सातला पुरती भरेल का?