बंब येईपर्यंतची पाच मिनिटं आपली

"सर, आगीचा बंब कुणाचा असतो? पोलिसांचा का?" वर्गात एका मुलाने विचारलं आणि आम्ही क्षणभर अडखळलो. रोज बंब बघतो, पण माहिती फारशी नसते. म्हणून थोडं सविस्तर.

बंब पोलिसांचा नसतो, तो आपल्या पालिकेचा असतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांच्या यादीत अग्निशमन सेवा आहे. साताऱ्याची नगरपालिका १८५३ पासूनची. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली, तेव्हा तिन्ही गावांच्या अग्निशमनाची जबाबदारीही एका छताखाली आली. एमआयडीसीची अग्निशमन सेवा वेगळी असते. म्हणजे बंबाचा खर्च आपल्याच करातून होतो. तो सुस्थितीत आहे का, जवान पुरेसे आहेत का, हे नगरसेवकाला विचारायचा हक्क आपला आहे.

या दलाचं काम फक्त आगीचं नाही. विहिरीत पडलेलं जनावर, रस्त्यावर कोसळलेलं झाड, अपघातात गाडीत अडकलेला माणूस, सगळीकडे हीच माणसं धावतात. सांगलीत तर आगीपेक्षा पाण्याची भीती मोठी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. एनडीआरएफ आणि लष्कराबरोबर अग्निशमन दलाचे जवानही बोटी घेऊन गल्लोगल्ली फिरत होते. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. जादा माणसं बसवू नयेत आणि लाइफ जॅकेट घालावं, हा धडा तेव्हाचा.

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ मध्ये याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना ६६ जवान गेले. त्यांची आठवण म्हणून हा दिवस.

आता आपली बाजू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ सांगतो की, इमारतीत आगीपासून बचावाची साधनं बसवणं आणि ती चालू ठेवणं ही मालकाची किंवा ताबेदाराची जबाबदारी. परवानाधारक संस्थेकडून तपासून जानेवारी आणि जुलैमध्ये दाखला द्यायचा असतो. शाळा, दवाखाना, मंगल कार्यालय, मदरसा, वसतिगृह चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली. आम्ही आमच्या शाळेतलं लाल नळकांडं तपासलं तर मुदत कधीच संपलेली. सांगायला लाज वाटते, पण तोवर कुणी बघितलंच नव्हतं. आता दर महिन्याला काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे मुलंच बघतात.

घरात हे करा:

- गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं बटण चालू किंवा बंद, काहीच करू नका.
- कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण ठेवा.
- कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा.
- भाजलेल्या जागी टूथपेस्ट नको, वाहतं गार पाणी सोडा.
- वर्दी देताना १०१ किंवा ११२ वर आधी पत्ता आणि जवळची खूण सांगा. आत माणसं अडकली आहेत का, तेही सांगा.

शेवटचं सगळ्यात सोपं, आणि आपण नेमकं तेच करत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या असतात, उरूस-लग्नाचा मांडव रस्त्यातच. बंब वेळेत निघाला तरी कोपऱ्यावर अडकला, तर दोष कुणाला द्यायचा? आज रात्री गाडी लावताना एवढा एकच विचार करू या: इथून बंब जाईल का?