बुटकी म्हणून काय झालं?

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे वाटूरला गेले होते. फाट्यावर एसटीतून उतरले, तर एरवी पिशवी घ्यायला पळत येणारी भाची दिसलीच नाही. घरी गेले तर बाईसाहेब तोंड फुगवून बसलेल्या. नववीत आहे. शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची निवड होती आणि सरांनी तिला खेळू न देताच बाजूला केलं होतं. "तू राहू दे, उंची कमी पडते तुझी," एवढंच म्हणाले. त्यावर आजीने फोडणी दिली, "बरंच झालं. उन्हात काळी तरी होणार नाही. आधीच बुटकी, स्थळं बघताना किती जड जाणार आहे!"

मैत्रिणींनो, ही फूटपट्टी आपल्या मुलींच्या मागे फार लवकर लागते. वयात आल्या की नातेवाईक दाराच्या चौकटीशी उभं करून मापं घेतात. त्या रात्री अंगणात बसून मी भाचीला एका खेळाडूची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

टायरॉन बोग्ज हे त्याचं नाव. सगळं जग त्याला 'मग्सी' म्हणून ओळखतं. जन्म १९६५ चा, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या गरीब वस्तीतला. पाच वर्षांचा असताना बंदुकीचे छर्रे लागले, त्यातून वाचला. बारा वर्षांचा असताना वडील तुरुंगात गेले. पण आई डगमगली नाही. तिने अर्धवट सुटलेलं शालेय शिक्षण पूर्ण केलं, सेक्रेटरीची नोकरी धरली आणि मुलांना वाढवलं. पोराची उंची मात्र थांबली ती ५ फूट ३ इंचांवर. आणि त्याला वेड कशाचं, तर बास्केटबॉलचं! ज्या खेळात रिंगच १० फुटांवर असते आणि साडेसहा फुटांचा माणूससुद्धा मध्यम समजला जातो, त्या खेळाचं.

लोक हसले, टिंगल झाली. मग्सीने एक गोष्ट ओळखली. उंच माणसाला वाकायला वेळ लागतो, आपण तर आधीच जमिनीजवळ आहोत. त्याचा चेंडू इतका खाली टप्पे घ्यायचा, की उंच खेळाडूंचा हात तिथवर पोहोचेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असे. उलट त्यांच्या हातातला चेंडू तो कधी पळवायचा, ते त्यांना कळतही नसे.

तो खेळायचा त्या जागेला 'पॉइंट गार्ड' म्हणतात. म्हणजे काय? पंगतीत वाढणारी बाई आठवा. कुणाच्या पानात काय संपलं, कुणाला आग्रह करायचा, कुणाला आत्ता नको, हे तिला न विचारता कळतं. पॉइंट गार्डचं काम तसंच. चेंडू पुढे आणायचा, सगळ्या मैदानावर नजर ठेवायची आणि मोकळ्या असलेल्या गड्याच्या हातात नेमक्या क्षणी द्यायचा. बास्केट दुसरा करतो, पण ती घडवणारा हा.

१९८६ मध्ये स्पेनमध्ये जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या अमेरिकी संघात मग्सी होता. १९८७ मध्ये तो एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये निवडला गेला, तोही पहिल्या फेरीत, १२ व्या क्रमांकावर. गंमत बघा, वॉशिंग्टनच्या त्याच संघात मनूट बोल नावाचा ७ फूट ७ इंचांचा खेळाडू होता. दोघांचा शेजारी उभा राहिलेला फोटो बघून भाची पोट धरून हसली.

पुढे शार्लट संघाकडून मग्सी अनेक वर्षं खेळला. एनबीएत एकूण १४ हंगाम! सहा हजार सातशेहून जास्त वेळा त्याने दिलेल्या चेंडूवर सोबत्यांनी गुण मिळवले. १९९३ मध्ये तर ७ फुटी पॅट्रिक यूइंगचा फटका त्याने अडवला. एनबीएच्या इतिहासात आजवर त्याच्याहून बुटका खेळाडू झालेला नाही. निवृत्तीनंतर २००५ मध्ये तो शार्लटच्याच महिला संघाचा प्रशिक्षक झाला.

"पण मावशी, तो पुरुष आहे," भाची म्हणाली. खरंय तिचं. म्हणून मग तिला जपानच्या रुई माचिदाबद्दल सांगितलं. उंची १६२ सेंटीमीटर, म्हणजे आपल्याकडच्या मुलींसारखीच. हीसुद्धा पॉइंट गार्ड. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सच्या उंच मुलींसमोर तिने एकाच सामन्यात १८ वेळा सोबतिणींना गुणांचे पास दिले. तो महिलांचा ऑलिंपिक विक्रम ठरला. अंतिम सामन्यात जपान अमेरिकेकडून हरलं, पण रौप्यपदक घेऊनच. पुढच्या वर्षी माचिदा अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक लीगमध्येही खेळली.

आता कुणी म्हणेल, अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. खरंच आहे. उंची नसेल तर इतरांपेक्षा दुप्पट घाम गाळावा लागतो, हे मुलींपासून लपवू नये. पण घाम गाळायची संधीच न देणं हा अन्याय आहे. शिवाय व्हॉलीबॉलमध्ये १९९८ पासून 'लिबेरो' नावाची जागा आहे. वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागच्या रांगेत फक्त चेंडू उचलून वाचवणारी खेळाडू. तिथे उंचीपेक्षा चपळाई लागते.

सुट्टी संपल्यावर भाची स्वतःहून सरांकडे गेली. "सर, मला लिबेरो म्हणून दहा मिनिटं बघा," म्हणाली. सरांनी बघितलं. संघात अजून घेतलेलं नाही, पण रोज सरावाला ये म्हणाले. गुडघे फोडून घेते म्हणून आजीची कुरकुर चालू असते, आणि हळद लावायला तीच पुढे असते.

तुमच्या घरातही एखादी अशी रुसून बसली असेल. तिची उंची मोजण्याआधी तिला एकदा मैदानावर बघून या. एवढंच सांगायचं होतं.