टॅपेट वाजतायत, पण कोणता?

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन गेल्या वर्षी पुरतं उघडून पुन्हा बांधलं. बोअरिंग झालं, पिस्टन-रिंगा नव्या पडल्या, क्रँक ग्राइंड झाला, कॅमशाफ्टही बदलला. पहिला सेल्फ मारला आणि टॅपेट कव्हरखालून शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू आली. ‘‘टॅपेट वाजतायत, टाइट करून देतो,’’ मिस्त्री म्हणाले. दहा मिनिटांत आवाज गेला. पंधरा दिवसांत गाडी चढावर दम टाकू लागली. कॉम्प्रेशन तपासलं, तर तिसऱ्या सिलिंडरचं जेमतेम निम्मं. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता आणि त्याची कड जळायला लागली होती.

कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनलेलं हे इंजिन मूळचं फियाट ११०० चं. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर रॉकर आणि रॉकरच्या नाकाखाली व्हॉल्व्ह. या उतरंडीत केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. फट वाढली की टिकटिक वाढते. फट संपली की आवाजही संपतो, पण मग व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकला नाही की तो जळतो. म्हणून वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा मला गप्प बसलेल्या टॅपेटची जास्त धास्ती वाटते.

पण आवाज खरंच टॅपेटचा आहे का? कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एक सैल व्हॉल्व्ह ४०० वेळा वाजणार. अडचण अशी, की कॅमवर चालणारा पेट्रोल पंपही त्याच तालात वाजतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅसकेट फुंकत असेल, तर तेही हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक करतं. अशा वेळी एकेका प्लगची वायर आळीपाळीनं काढून अर्थ करावी. सिलिंडर पेटायचा थांबला की त्याची गळती किंवा बेअरिंगचा ठोका दबतो. टॅपेटला मात्र काही फरक पडत नाही. हे कळण्याआधी कव्हर उघडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

कव्हर उघडल्यावर जुने मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून एकेका जागेचा कानोसा घेतात. माझा भरवसा फिलर गेजवर. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका रॉकरच्या नाकाखाली पातं सरकवायचं. ज्याच्याखाली पातं जाताच आवाज थांबतो, तो गुन्हेगार. आमच्या गाडीत फटी पुन्हा मापात लावल्यावर टिकटिक परत आली, तेव्हा तो निघाला दुसऱ्या सिलिंडरचा इनलेट. गंमत म्हणजे गेजनं मोजली, तर त्याची फट अगदी बरोबर!

पुन्हा बांधलेल्या इंजिनात बहुतेक जण इथेच फसतात. जुना रॉकर वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या टोकावर आपटून त्याच्या नाकात बशीसारखा खळगा पडतो. सपाट पातं त्या खळग्याच्या दोन काठांवर टेकतं आणि खळग्याची खोली मोजायची राहून जाते. व्हॉल्व्हचं टोक मात्र थेट खळग्यात जातं. त्यामुळे गेज ‘बरोबर’ म्हणतो आणि इंजिन वाजत राहतं. असा रॉकर कितीही वेळा सेट करा, उपयोग नाही. हलकं ग्राइंडिंग करता येतं, पण वरचा कडक थर पातळ असतो. तो गेला की नाक झपाट्यानं झिजतं. खळगा खोल असेल, तर रॉकर बदलणंच बरं. रॉकर शाफ्टही हातासरशी काढून पाहावा. तो खालच्या अंगानं झिजतो, आणि त्याची तेलाची भोकं काजळीनं बुजली असतील, तर नवा रॉकरसुद्धा कोरडाच चालेल.

हेडचे बोल्ट पहिल्या काही तासांच्या चालीनंतर पुन्हा कसले, की गॅसकेट दबून हेड किंचित खाली येतं आणि फटी कमी होतात. तेव्हा सगळं सेटिंग परत करायलाच हवं. घाईत हे राहून जातं. त्याआधी पुशरॉडही तपासावेत; वाकलेला पुशरॉड काचेवर घरंगळवला की लगेच ओळखू येतो.

खरी चिंता कॅमची. सेट केलेली फट दर काही दिवसांनी परत वाढत असेल, तर कॅमचा लोब किंवा टॅपेटचा तळ खाल्ला जातोय. नव्या कॅमवर जुने टॅपेट बसवणं, ही त्यामागची नेहमीची चूक. पहिल्यांदा सुरू करताना इंजिन आयडलिंगवर न ठेवता वीसेक मिनिटं २००० च्या आसपास फिरवावं लागतं, नाहीतर कॅमवर पुरेसं तेल उडत नाही. तेलाचाही प्रश्न आहे. अशा टॅपेटना जस्त-फॉस्फरसचं संरक्षण लागतं, आणि २००४ च्या एपीआय एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या तेलांत फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. ती मर्यादा नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी आहे. आपल्या गाडीला जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं तेलच घालावं.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. दिवसाला चार-चार पद्मिनींचे टॅपेट सेट करणारे हात आता थोडेच उरलेत. ज्यांच्याकडे ही गाडी आहे, त्यांनी अशा मिस्त्रींच्या शेजारी बसून हे काम पाहून घ्यावं, असं मनापासून वाटतं.

आमचा रॉकर कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळाला, नाक जवळजवळ कोरं. जळालेला व्हॉल्व्ह बदलून घेतला. आठही फटी थंड इंजिनावर, मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे लावल्या आणि तारखेसकट एका कार्डावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवल्या. सकाळी सुरू करताना अजून मिनिटभर हलकी टिकटिक येते. ती मी तशीच ठेवली आहे.