बोडी एकाची, पाणी साऱ्यांचे

तलावांचा जिल्हा ही गोंदियाची ओळख जुनी आहे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेल्याने ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागलेले शेकडो जलाशय आजही येथील धानशेतीला पाणी पुरवितात. या मोठ्या तलावांचे एक धाकटे भावंड मात्र जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. ते म्हणजे बोडी. धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला, शेतकऱ्याने आपल्या मालकीच्या जमिनीत पाळ घालून अडविलेले पावसाचे पाणी म्हणजे बोडी. पाऊस ताणला की ती पिकाला ओलित देते आणि उरलेल्या काळात मासे. अशा बोडीत कोणता मासा सोडावा, हा प्रश्न वरवर त्या शेतकऱ्यापुरता दिसतो. पण मासा मागूर असेल तर त्याचे उत्तर पाळीच्या पलीकडे पोहोचते.

मागूर हा मिशाळ माशांच्या कुळातला. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, रंग काळपट तपकिरी. रोहू, कटला या माशांना पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर अवलंबून राहावे लागते. मागुराच्या कल्ल्यांच्या वर मात्र झाडाच्या फांद्यांसारखे फुटवे असलेले एक जादा श्वसनेंद्रिय असते. तो पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. त्यामुळे उन्हाळ्यात बोडी आटून गुडघाभर गढूळ पाणी उरले, तरी तो तग धरतो. पाणी आणखी घटले तर चिखलात शिरून राहतो. ओल्या रात्री छातीच्या परांतील काट्यांचा आधार घेत तो जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. पहिल्या मोठ्या पावसानंतर बोडीतील मासे ‘नाहीसे’ होतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

त्याची वाढ मात्र सावकाश आहे. बोटुकली सोडल्यापासून साधारण आठ ते दहा महिन्यांत तो १०० ते १५० ग्रॅमचा होतो. तळाशी फिरून किडे, अळ्या, गांडुळे, लहान झिंगे आणि कुजका पालापाचोळा खाणारा हा मासा रात्री अधिक चपळ असतो. बोडी फार खोल असेल तर श्वासासाठी वर-खाली करण्यातच त्याची शक्ती खर्च होते; म्हणून मीटरभर पाणी त्याला पुरते. थंडीत त्याची भूक मंदावते. लहानमोठी पिले एकत्र राहिली तर मोठी पिले लहानांना गिळतात, म्हणून आकारानुसार वेगळी करणे हे मागूरपालनातील महत्त्वाचे काम ठरते. वजनाने कमी भरला तरी जिवंत विकला जाणारा हा मासा बाजारात चांगला भाव मिळवितो. बिहारने तर त्याला राज्यमाशाचा मान दिला आहे.

मागुराच्या प्रजननाचा संबंध थेट पावसाळ्याशी आहे. वर्षाच्या वयात तो प्रजननक्षम होतो आणि वर्षातून एकदाच वितो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले की जोडी खोल पाणी सोडून काठावरच्या उथळ, गवताळ भागात किंवा पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत येते. तेथे मातीत लहानसा खळगा करून मादी अंडी घालते. अंडी चिकट असतात. ती गवताला आणि मुळांना धरून राहतात. त्यानंतर नर त्या घरट्याची राखण करतो. अंड्यांतून पिले बाहेर यायला साधारण एक दिवस लागतो. एका मादीची अंडी काही हजारांच्या घरात असतात. कार्प माशांची मादी लाखांनी अंडी देते, त्या मानाने ही संख्या अगदीच थोडी. अंडी थोडी आणि राखण मोठी, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच घरटे करायला आलेल्या माशांना नेमक्या त्याच दिवसांत पकडले, किंवा बांधीतील पाण्यात कीटकनाशक उतरले, तर पुढच्या वर्षाची पिढीच बुडते.

कृत्रिम बीजनिर्मितीही सोपी नाही. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने मागुराच्या प्रेरित प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. मादीला संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन काही तासांनी तिचे पोट हलकेच दाबून अंडी काढता येतात. नराचे तसे नाही. पोट दाबून त्याचे शुक्र मिळत नाही. नराचा बळी देऊन वृषण काढावे लागतात आणि त्याचे द्रावण अंड्यांवर शिंपावे लागते. पिलांचे श्वसनेंद्रिय तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर हवेवर जगणाऱ्या या माशाची पिले पाण्यातील प्राणवायूवरच अवलंबून असतात आणि थोड्याशा हलगर्जीपणाने मरतात. देशी मागुराचे बीज दुर्मीळ व महाग असण्याचे कारण हेच.

या टंचाईच्या वाटेने ‘थाई मांगूर’ शिरतो. नाव थाई असले तरी हा मूळचा आफ्रिकेतील मासा. शास्त्रीय नाव क्लेरियस गॅरिपिनस. थायलंडमार्गे तो १९८९ मध्ये बांगलादेशात आला आणि १९९० च्या दशकात चोरवाटेने भारतात पोहोचला. काही महिन्यांत तो किलोभर वजनाचा होतो, मिळेल ते खातो आणि मादीची अंडी लाखांच्या घरात जातात. छोट्या बोडीचा हिशेब मांडणाऱ्याला याहून मोठा मोह कोणता? पण हे गुण म्हणजेच त्याचा धोका. तो इतर मासे, त्यांची अंडी व पिले, बेडूक असे सारे फस्त करतो. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करण्याचे आदेश दिले आणि २०२० च्या प्रारंभी महाराष्ट्रात सुमारे ३२ टन मासे नष्ट करण्यात आले.

आपल्या बोडीत आपण काय पाळतो याच्याशी इतरांचा काय संबंध, असे मालकाला वाटू शकते. गोंदियाची भूरचनाच त्याचे उत्तर देते. बोडी भरली की पाणी सांडव्यावरून बांधीत, बांधीतून नाल्यात, नाल्यातून खालच्या तलावात आणि शेवटी वैनगंगेच्या खोऱ्यात उतरते. अतिवृष्टीच्या एका रात्रीत पाळीवरून निसटलेली चार पिलेही पुरेशी ठरू शकतात. खालच्या तलावात मासेमारीवर जगणारी ढिवर कुटुंबे असतात, त्यांच्या सहकारी संस्था असतात. बोडीच्या मालकाला मिळालेल्या एका हंगामाच्या नफ्याची किंमत त्यांना अनेक वर्षे मोजावी लागते. देशी मागुराला (क्लेरियस मागूर) आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत टाकले आहे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

दोन्ही मासे लहानपणी सारखेच दिसतात, त्यामुळे फसवणूक सहज होते. डोक्याच्या कवटीचे मागील टोक पाहणे ही त्यातल्या त्यात भरवशाची खूण. देशी मागुरात ते इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे टोकदार असते, तर आफ्रिकी माशात ‘डब्ल्यू’सारखे पसरट. मोठ्या आफ्रिकी माशाच्या अंगावर संगमरवरासारखे डागही दिसतात. बीज खात्रीच्या केंद्रातूनच घेणे, सांडव्याला बारीक जाळी लावणे, पाळीवर जाळीचे कुंपण घालणे आणि काठाचा एक कोपरा गवतासह उथळ ठेवून जुलै-ऑगस्टमध्ये तेथे जाळे न टाकणे, एवढी काळजी घेतली तर छोट्या बोडीतही देशी मागूर वाढू शकतो आणि विऊ शकतो. त्याचे उत्पन्न धिम्या गतीने येईल. मात्र पावसाळ्यात त्यातील काही मासे पाळ ओलांडून गेलेच, तर खालच्या तलावाचे त्यात नुकसान होणार नाही.